वळताना गाडी कटकट करते तेव्हा

आज आपण पापड-लोणच्यावर बोलणार नाही आणि बँकेच्या व्याजावरही नाही. आज गाडीवर बोलू, आणि तेही गाडीच्या एकाच आवाजावर. गाडी सरळ जाते तोवर गप्प असते. वळायला लागली की पुढच्या चाकाकडून कट-कट-कट असा आवाज येतो. हा आवाज कशाचा, तो आपला आपण कसा ओळखायचा, गॅरेजला काय विचारायचं आणि पैसे कशाचे द्यायचे, एवढंच आजचं बोलणं.

आता हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्या किती तरी गटांनी गाड्या घेतल्यात. कोणी माल न्यायला, कोणी भाड्याने द्यायला. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, आणि बॉनेट उघडलं की मात्र आपण चार पावलं मागे उभ्या राहतो. असं का?

आमचंच सांगतो. आमच्या गटात आम्ही 11 जणी. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून सोलापूरच्या दुकानांना देतो. माल न्यायला दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून जुनी, छोटी चारचाकी घेतली. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक, गटात सगळ्यांत धाकटी. माल पोचवायचा असो, कोणाच्या सासूला डॉक्टरकडे न्यायचं असो, की रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायची असो, गाडी तीच आणि चालवणारीही तीच.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गाडी वळताना वाजायला लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली. गाडीखाली कोणी वाकलं नाही, चाकामागे कोणी बघितलं नाही, आणि आकडा सांगितला 18,500 रुपये. दोन्ही बाजूंचे एक्सल बदला, स्टिअरिंगचा रॅक बदला. दिवाळीच्या ऑर्डरींतून आम्हा सगळ्यांना मिळून जवळपास तेवढेच उरायचे होते. वर गावात बोलणं सुरू झालं, "बायकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." गटाच्या बैठकीत दोघी म्हणाल्या, विकून टाका ही गाडी. चालवणारी मान खाली घालून बसली होती. तेव्हा आमच्या कोषाध्यक्ष आक्का म्हणाल्या, "पैसे द्यायचे तर देऊ. पण आवाज कशाचा आहे ते कळल्याबिगर एक रुपया काढायचा नाही." मग आम्ही चौकशी केली, दुसऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली, त्यांच्या शेजारी उभं राहून काम बघितलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आधी गाडीची रचना समजून घेऊ. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये येते. तिथून ती चाकांकडे जाते. मारुती 800, अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, इंडिका या गाड्यांत ही ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे पुढची चाकं गाडी ओढतात आणि मागची नुसती फिरत येतात. आपल्याकडे 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ती अशीच. त्याआधीच्या अॅम्बॅसेडर, पद्मिनी या गाड्यांत मागची चाकं ढकलायची. आजही ओम्नी, ईको, छोटा हत्ती या गाड्यांत ताकद मागेच जाते. आज ज्या बिघाडाबद्दल मुख्यतः बोलतोय तो पुढून ओढणाऱ्या गाड्यांचा आहे. तुमची गाडी मागून ढकलणारी असेल आणि गॅरेजवाला पुढच्या सीव्ही जॉइंटचं बिल सांगत असेल, तर तिथंच थांबा. त्या गाडीच्या पुढच्या चाकांना तो जॉइंट नसतोच.

आता पुढच्या चाकाला किती कामं आहेत बघा. गोल फिरायचं, गाडी ओढायची, डावी-उजवीकडे वळायचं आणि खड्ड्यात वर-खाली पण व्हायचं. सरळसोट लोखंडी दांडा बसवला तर तो वळणार कसा? म्हणून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जो दांडा जातो, त्याला दोन्ही टोकांना सांधे असतात. दांड्याला एक्सल म्हणतात आणि सांध्याला सीव्ही जॉइंट. एक सांधा आतला, गिअरबॉक्सकडचा. एक बाहेरचा, चाकाकडचा. वळताना सगळ्यात जास्त वाकतो तो बाहेरचा.

हा बाहेरचा सांधा कसा असतो? एक जाड पोलादी वाटी समजा. वाटीच्या आतून खाचा पाडलेल्या. खाचांत पोलादी गोट्या, बहुतेक गाड्यांत सहा. गोट्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांना पोलादाचा पिंजरा. दांडा फिरला की गोट्या वाटीला फिरवतात, वाटी चाकाला फिरवते, आणि सांधा वाकला तरी ताकद तुटत नाही. फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड झेपा यांनी 1920 च्या दशकात अमेरिकेत हा सांधा तयार केला, आणि आजच्या गाड्यांतही मूळ रचना तीच आहे.

या सांध्यात घट्ट काळं ग्रीस भरलेलं असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून वरून रबराचं टोपण असतं. पेटीच्या भात्यासारखं, घड्याघड्यांचं. गॅरेजमध्ये त्याला बूट म्हणतात. मैत्रिणींनो, सगळी गोष्ट या बुटापाशी सुरू होते. सांधा पोलादाचा, तो सहसा आपणहून खराब होत नाही. रबर मात्र वयाने तडकतं. पांदीतली काटेरी फांदी, तुरीच्या पराट्या, कुंपणाची तार लागूनही फाटतं. एकदा फाटलं की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडतं, आणि आपल्या रस्त्यांची धूळ, पावसाळ्यात चिखलपाणी आत जातं. जात्यात खडा गेला तर पीठ आणि जातं दोन्ही बिघडतं. तसंच इथं. गोट्या आणि खाचा झिजतात, गोटीला जागा मोकळी होते.

मग आवाज वळतानाच का येतो? सरळ जाताना गोट्या खाचेत जवळपास एका जागी असतात. वळताना सांधा वाकतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गोट्या खाचेत मागे-पुढे धावतात. खाच झिजलेली असली की त्या धडकतात. तीच ती कटकट. चाक हळू फिरलं तर आवाज हळू, चाक जोरात फिरलं तर आवाज भरभर.

आता तपासणी. ही आपण सगळ्या जणी करू शकतो. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम, चाकाचे नट. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पान्याने चारही चाकांचे नट घट्ट आहेत का बघा. नट ढिले असले तरी चाक कटकट करतं, आणि तो धोका सगळ्यात मोठा. चाक निघून पडू शकतं. नट घट्ट करताना एकामागून एक शेजारचा न घेता समोरासमोरचे घ्या.

दुसरं काम, चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या कॅप काढून ठेवा आणि टायरच्या खाचा बघा. खडा किंवा खिळा रुतून बसलेला असतो. तोही टिक-टिक करतो, पण तो सरळ जातानाही करतो. खडा असेल तर काढा. खिळा दिसला तर उपटू नका, हवा जाईल. पंक्चरच्या दुकानात जाऊन काढा.

तिसरं काम, गाडी उभी ठेवून इंजिन सुरू करा आणि स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवा. गाडी जागची हलत नसताना कट्ट किंवा टण्ण असा आवाज आला, तर तो गोट्यांचा नाही. सस्पेन्शनच्या वरच्या बाजूचं बेअरिंग, स्टिअरिंगचे रॉड किंवा खालचा बॉल जॉइंट बघावा लागेल. हे मिस्त्रींना असंच्या असं सांगा.

चौथं काम हीच खरी परीक्षा. मोकळं मैदान किंवा खळ्याची रिकामी जागा घ्या. पोरंबाळं, शेरडं-कोंबड्या लांब ठेवा. एकीने गाडी चालवायची, दोघींनी बाहेर उभं राहून ऐकायचं, पदर खोचून आणि चाकापासून लांब. काचा उघड्या, रेडिओ बंद. पहिला गिअर टाका, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि हळूहळू रेस देत गोल फेरी मारा. मग दुसऱ्या बाजूला. रेस दिली की आवाज वाढतो, क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली की कमी होतो, असं झालं तर शंका बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर.

कोणत्या बाजूचा? साधारणपणे डावीकडे वळताना आवाज मोठा असेल तर उजवा सांधा, आणि उजवीकडे वळताना मोठा असेल तर डावा. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो म्हणून. पण हा अंदाज झाला. प्रत्येक वेळी खरा ठरेलच असं नाही. बघायच्या दोन्ही बाजू.

पाचवं काम डोळ्याने बघायचं. इंजिन बंद, चावी काढून आपल्या कनवटीला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलेलं. आता पुढच्या चाकामागे बॅटरीचा उजेड टाका. तो भात्यासारखा बूट दिसेल. घडी फाटली आहे का? क्लिप सुटली आहे का? चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालं आहे का? हे दिसलं तर निम्मं निदान झालं. त्यासाठी गाडीखाली शिरायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणी म्हणजे कोणी जायचं नाही. जॅक घसरतो.

आणखी दोन-तीन आवाज ऐकून ठेवा, म्हणजे घोटाळा होणार नाही. खड्ड्यातून जाताना खडखड वाजत असेल तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा सस्पेन्शनचं रबर. वेग वाढला की भुंग्यासारखी घुर्र वाढत जात असेल तर चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवल्यावर घास-घास असा आवाज असेल तर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत असेल. आणि रेस देताना-सोडताना एकच धाडकन ठोका बसत असेल तर आतला सांधा किंवा इंजिनाचं माउंटिंग.

आमच्या गाडीचं काय निघालं? डावीकडे वळताना मोठा आवाज. उजव्या चाकाचा बूट घडीत फाटलेला, रिमच्या आत ग्रीस उडालेलं. डाव्या बाजूचा बूट तडकलेला, पण ग्रीस आतच, आवाज नाही. दुसऱ्या मिस्त्रींनी स्टिअरिंगचे रॉड हाताने हलवून दाखवले. ते घट्ट होते. म्हणजे रॅक बदलायचं कारणच नव्हतं.

आता दुरुस्ती. इथं एक हिशेब ध्यानात ठेवा. बूट फाटलाय पण आवाज सुरू झालेला नाही, तर सांधा उघडून, धुऊन, नीट तपासून, नवं ग्रीस आणि नवा बूट घातला की भागतं. आवाज सुरू झालाय म्हणजे पोलाद झिजलंय. मग नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही. चार दिवस आवाज दबेल, पुन्हा येईल, आणि मजुरी दोनदा जाईल. तेव्हा सांधा बदलायचा. कोणत्या गाडीला सुटा सांधा मिळतो, कोणत्याला अख्खा एक्सल घ्यावा लागतो. दोन्हींचे भाव विचारा.

काम करताना मिस्त्री चाकाच्या मधला मोठा नट खोलतात, खालचा बॉल जॉइंट सोडवतात आणि एक्सल गिअरबॉक्समधून ओढून काढतात. एक्सल बाहेर आला की गिअरबॉक्सचं तेल सांडतं. म्हणून काम झाल्यावर विचारा, "दादा, गिअर ऑइल पुन्हा मापात भरलं का?" हा प्रश्न विसरू नका. तेल कमी राहिलं तर गिअरबॉक्स जाईल आणि तो खर्च फार मोठा.

दुसरा प्रश्न, "मधला नट नवा घातला का?" बहुतेक गाड्यांत हा नट एकदा काढला की नवा घालायचा असतो आणि ठरलेल्या मापानेच आवळायचा असतो. तिसरा प्रश्न, "ग्रीस कोणतं?" या सांध्याला मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. चौथी गोष्ट, नवा सांधा आणण्याआधी जुन्याशेजारी ठेवून दाते मोजून घ्यायचे. ज्या गाडीला एबीएस ब्रेक आहेत तिच्या सांध्यावर कधी कधी दातेरी कडी असते. ती नव्यावरही हवी. आणि शेवटी, जुना पार्ट परत मागून घ्या. बिलात जे लिहिलंय ते खरंच बदललं का, ते त्यावरून कळतं.

आमचं बिल वाचून दाखवतो. उजवा बाहेरचा जॉइंट बुटासकट 2,100. डावा नुसता बूट, क्लिपा आणि ग्रीस 450. गिअर ऑइल 600. दोन नवे नट 200. मजुरी 1,100. एकूण 4,450 रुपये. तुमच्या गाडीला आकडा वेगळा येईल, गावोगावी मजुरी वेगळी असते. पण बिल असं ओळीओळीने मागायचं. "सगळं मिळून एवढे" हे ऐकून घ्यायचं नाही.

कोणी म्हणेल, नुसता आवाजच आहे, चालू दे की. काही गाड्या वाजत-वाजत बरेच दिवस चालतात, खरंय. पण सांधा तुटला तर रेस कितीही द्या, गाडी जागची हलत नाही. ताकद त्या तुटलेल्या बाजूनेच वाया जाते. आणि तुटलेल्या गाडीला उतारावर नुसतं गिअरमध्ये ठेवलं तर गिअर तिला धरत नाही. हँडब्रेक आणि चाकाला दगड, दोन्ही हवेत. रात्री दोन वाजता, कळा सुरू झालेली बाई गाडीत आणि गाडी पांदीत उभी, हे कोणाला परवडेल? म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीतून दवाखान्याची फेरी करायची नाही, लांबचा मालही न्यायचा नाही, असा ठराव आम्ही केला. त्या आठवड्यात माल एसटीने पाठवला.

चालवणारीचं काय झालं तेही सांगायला हवं. मिस्त्रींनी दोन्ही बूट पुसून आमच्या हातात दिले. घड्यांमध्ये बारीक-बारीक तडे, दोन्ही बाजूंना सारखेच. म्हणाले, "हे रबर वयाने गेलंय. चालवणाऱ्याने काही केलेलं नाही." पुढच्या बैठकीत आम्ही ते इतिवृत्तात लिहून घेतलं. बिघाड रबर जुनं झाल्यामुळे, चालवण्याशी संबंध नाही, असं स्पष्ट. सगळ्यांनी सह्या केल्या, गाडी विका म्हणणाऱ्या दोघींनीही. मैत्रिणींनो, बिल कमी झालं त्याचा आनंद आहेच. पण गावाच्या तोंडून गेलेला शब्द कागदावर पुसला गेला, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. आपल्यातली एखादी गाडी चालवायला पुढे येते, तेव्हा गाडीच्या प्रत्येक आवाजाचा दोष तिच्या माथी मारायचा का, हे गटाने ठरवायचं असतं.

आता आमच्या गटाने नेम केलाय. महिन्याच्या बैठकीआधी दोघींनी चाकामागे बॅटरी मारून चारही बूट बघायचे. प्रत्येक बाजूला एक बाहेरचा आणि एक आतला, असे चार. आतला दिसत नसेल तर ऑइल बदलताना गॅरेजमध्ये गाडी वर घेतात तेव्हा बघून घ्यायचा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जास्त बारकाईने. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना जोरात रेस द्यायची नाही. पराट्यांच्या शेतातून गाडी घालायची नाही. गाडीची वही वेगळी ठेवलीय, तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं, किती दिले. जुना झिजलेला सांधाही आम्ही जपून ठेवलाय. दुसऱ्या गटाच्या बायका आल्या की तो हातात देतो. गोटी खाचेत हलवून बघितली की अर्ध्या मिनिटात सगळं कळतं.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर येत्या बैठकीत एवढंच करा. सगळ्या जणी मिळून गाडीपाशी जा, स्टिअरिंग वळवा आणि तो बूट शोधा. फाटलेला नसेल तर वहीत तारीख टाका. फाटलेला असेल आणि आवाज नसेल तर त्याच आठवड्यात बदलून घ्या, थोडक्यात काम होईल. आवाज असेल तर आज सांगितलेली तपासणी करून, कागदावर लिहूनच गॅरेजला जा. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा आणि काम होईपर्यंत शेजारी उभ्या राहा.

पुढच्या वेळी गाडीच्या विम्यावर बोलू. कागदपत्रं शोधून ठेवा. नमस्कार.